मागणी नाही

पाळणाघरवाल्या बाईंनी फी पुन्हा वाढवली, तेव्हा हेडक्लार्कांनी घरात जाहीर केलं, "एवढे पैसे मोजण्यापेक्षा मीच सांभाळतो तिला ऑफिसात."

बायको नर्स, सकाळची ड्युटी. निघता निघता तिने एवढंच विचारलं, "साहेबांना विचारलंत का?"

"साहेब माझ्या शब्दाबाहेर नाहीत." (साहेबांसमोर त्यांच्या तोंडून 'हो सर' यापलीकडे शब्द फुटत नसे, ही गोष्ट वेगळी.)

तर तीन वर्षांची पिटुकली मीटिंगच्या खोलीत, लांबलचक टेबलाखाली चादरीवर विराजमान झाली. टेबलावरचं कापड जमिनीपर्यंत लोंबत होतं. मीटिंग संध्याकाळी होती आणि बायको दुपारीच येऊन तिला नेणार होती. योजनेत खोट काढायला जागा नव्हती. साहेबांनी मीटिंग सकाळीच घेतली, एवढंच.

विषय होता, ऑफिसात कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी पाळणाघर काढायचं की नाही. साहेबांना ते नको आहे असं गृहीत धरून हेडक्लार्कांनी कुणालाही न विचारता अहवाल लिहिला होता. (बढती जवळ आली होती.) आता तोच वाचायला ते उभे राहिले.

"सर्व कर्मचाऱ्यांच्या घरी मुलांना सांभाळायला माणसं आहेत. सबब मागणी नाही."

एवढ्यात साहेब दचकले आणि शेजारच्या कॅशियरकडे संशयाने बघू लागले. थोड्या वेळाने कॅशियर दचकले आणि टायपिस्टबाईंकडे बघून लाजले. टेबलाखाली काय चाललंय ते हेडक्लार्कांनी ओळखलं. घरी कुणीही आलं की त्याचे बूट काढून ओळीने लावायचे, हे काम पिटुकलीकडे होतं आणि ती ते फार मन लावून करी.

मोठ्या माणसांनी अशा गोष्टी बोलायच्या नसतात, म्हणून कुणी काही बोललं नाही. शेवटी साहेब उठले ते मोज्यांवर. त्यांनी वाकून कापड वर केलं. आत चपला-बुटांची सुबक ओळ लागली होती आणि ओळीच्या टोकाला पिटुकली.

"हे मूल कुणाचं?"

सोपा प्रश्न होता. पण हेडक्लार्कांच्या हातात अजून अहवाल होता.

"माहीत नाही, सर."

पिटुकली रांगत बाहेर आली, थेट त्यांच्या पायाशी बसली आणि बुटाची नाडी ओढू लागली. "बाबा, तुझे राहिले."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माझीच आहे, सर," ते पुटपुटले.

"अहवाल परत लिहा," साहेब बूट चढवत शांतपणे म्हणाले. "या वेळी माणसांना विचारून."

दुपारी बायको लेकीला घेऊन गेली. हेडक्लार्क टेबलाटेबलापाशी जाऊन विचारत राहिले. टायपिस्टबाईंचा मुलगा शेजारणीच्या मर्जीवर दिवस काढत होता. कॅशियरांची मुलगी शाळेतून आली की आतून कडी लावून घरात एकटीच बसत होती. इतकी वर्षं शेजारी बसून हेडक्लार्कांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना मान वर करवेना.

संध्याकाळी त्यांनी घराची बेल वाजवली. पिटुकलीने दार उघडलं.

"कोण आलंय गं?" बायकोने आतून विचारलं.

पिटुकलीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

हेडक्लार्क उंबऱ्यावर बसून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले. नेमकी गाठ बसली होती.