सेझिमवर भलतीच दुआ

साहेब, आमच्या गावचा मुल्ला तुम्ही पळवलात. शहरातल्या दफ्तरात नेऊन बसवलात आणि कळवलंत, आता तो आसपासच्या सगळ्या गावांना पडद्यावरून दुआ देईल, फरक काहीच पडणार नाही. हे खरं मानणारा पहिला गाढव मी.

माझी पोरगी सेझिम रशियात कामाला निघाली होती. बायको तुर्सुनाय म्हणाली, दुआशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. मी छाती फुगवून म्हटलं, तू पिठाचे बोरसोक तळायला घे, दुआचं मी बघतो. भिंतीला टीव्ही टांगला, जेवणाचा दस्तरखान अंथरला, शेजारीपाजारी बसवले.

मुल्लानं तळवे पसरले. आम्हीही पसरले. "सेझिमचा प्रवास..." एवढं म्हणून तो तोंड उघडं ठेवून थिजला.

दुआ देणारा आमीन म्हणत नाही तोवर हात खाली घ्यायचे नसतात, एवढं तरी तुमच्या दफ्तरात ठाऊक असेल. आम्ही बसलो. खांदे भरून आले. बाहेर गाडीवाला हॉर्न बडवायला लागला. कुत्रं आत आलं, दस्तरखानावरची मेंढ्याची भली मोठी नळी उचलून आरामात निघून गेलं, आणि आम्ही सगळे पसरल्या हातांनी त्याच्याकडे बघत राहिलो, जणू त्याच्याचकडे भीक मागतोय! सासरे पुटपुटले, "आमच्या जावयाची दुआसुद्धा हप्त्याहप्त्यानं येते."

"बाबा, गाडी जाईल हो," सेझिम म्हणाली.

तेवढ्यात आवाज आला. चित्र थिजलेलंच. "...तिच्यावरची माती रेशमासारखी मऊ होवो. आमीन."

"आमीन!" सगळे एका दमात म्हणाले आणि तोंडावरून हात फिरवून मोकळे झाले. कशाला आमीन म्हटलं, ते मागून कळलं. चित्र अडकलं होतं तेवढ्यात मुल्ला आमची दुआ उरकून पुढच्या गावातल्या म्हातारीच्या जनाज्याला लागला होता.

तुर्सुनायनं सेझिमचा कोट मुठीत धरला. सासऱ्यांनी घाईघाईनं स्वतःच दुआ सुरू केली, पण गाडीवाल्यानं बॅग टपावर टाकलीही होती. सेझिमनं आईची बोटं एकेक करून सोडवली आणि गेली.

मी तुमच्या दफ्तरात फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, दोन्ही गावांच्या दुआ व्यवस्थित पार पडल्यात. मग त्या मेलेल्या म्हातारीला काय पोचलं? जपून जा, पोचल्यावर फोन कर?

आता फोन वाजला की तुर्सुनाय अंगणात निघून जाते. उचलावा मलाच लागतो.

साहेब, घरच्यांनी, शेजाऱ्यांनी मोठ्यानं म्हटलेलं ते आमीन परत कसं घ्यायचं? उत्तर द्या. पडद्यावरून नको. माझ्या दारात या आणि तुर्सुनायच्या तोंडावर सांगा.