ठोकळा पाहून निघणारे केळापुरे काका

भोपाळच्या पिपलानीत, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणारे केळापुरे काका रोज सकाळी सव्वासात वाजता आपल्या स्कूटरला प्रदक्षिणा घालायचे. भक्तीनं नव्हे, तपासणी म्हणून. पुढच्या चाकापासून सुरुवात करायची, ब्रेकची वायर ताणून बघायची, आरसा, स्टेपनी, मागचा दिवा, शेवटी टाकीत डोकावायचं. मध्येच कुणी हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. गेलंच लक्ष, तर पुन्हा पुढच्या चाकापासून सुरू. मग किक. मग केळापुरे काकू वाकून चाकामागचा लाकडी ठोकळा काढायच्या. त्याला लाल कापडाची पट्टी बांधलेली असे. दोन पावलं मागे सरून काकू तो ठोकळा हातभर उंच धरायच्या. काका ठोकळ्याकडे बघायचे, अंगठा वर करायचे आणि निघायचे. कारखान्याचं गेट आमच्या ओळीपासून सात मिनिटांवर होतं.

मी तेव्हा लग्न होऊन पुण्याहून नुकतीच भोपाळला आले होते. पहिल्या सकाळी खिडकीतून हे सगळं पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हे काय चाललंय?"

"ते आधी हवाई दलात होते," तो दाढी करता करता म्हणाला.

"म्हणून?"

"म्हणून तसं."

त्यापलीकडे ओळीत कुणालाच काही माहीत नव्हतं. काका मूळचे वर्ध्याकडचे. पंधरा वर्षं हवाई दलात काढून आमच्या कारखान्यात देखभालीच्या कामाला लागलेले. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांनी दोन भाग केले होते, सर्व्हिसेबल आणि अनसर्व्हिसेबल. तिसरा भाग नव्हता. पंखा, छत्री, समोरच्यांचं फाटक, दवाखान्यातले नवे डॉक्टर, सगळ्यांना यातलंच एक सर्टिफिकेट मिळायचं. एकदा माझा कुकर लावलेला असताना ते भिंतीपलीकडून आवाज ऐकून दारात येऊन उभे राहिले.

"सूनबाई, शिटी अर्धी होऊन राहिली. रिंग बदला."

मला राग आला. रिंग बदलली आणि शिटी पुरी व्हायला लागली, तेव्हा जास्तच आला. काकूंच्या भाचीसाठी नागपूरला मुलगा पाहून आले, तेव्हा सगळ्या घरादारासमोर अहवाल दिला, "सर्व्हिसेबल आहे. थोडा आवाज करते, पण चालेल." मुलगा पुढे भाचीचा नवरा झाला. आवाज करतो अजून.

समोरच्या क्वार्टरमध्ये तिवारीजी राहायचे. कारखान्यात तयार मालाची तपासणी करण्यात हयात गेलेली, त्यामुळे पुरावा दिसल्याशिवाय ते कशावरही विश्वास ठेवत नसत. केळापुऱ्यांच्या घरी ना गणवेशातला फोटो, ना पदक. विमानात काय करायचात असं विचारलं की काका एवढंच म्हणायचे, "पाठवत होतो, परत घेत होतो." तिवारीजींनी यातून निष्कर्ष काढला होता. "भाभीजी, मुझे तो लगता है, कैंटीन में थे." खरं सांगायचं तर मलाही अधूनमधून तसंच वाटायचं.

अशात हिवाळ्यात एकदा आमच्या क्लबच्या फळ्यावर सूचना लागली. रविवारी विमानतळावर हवाई दलाची जुनी-नवी विमानं लोकांना जवळून पाहता येणार, नंतर कसरती, क्लबची बस जाणार. आमची अख्खी ओळ निघाली. तिवारीजी खिडकीजवळची जागा धरून बसले आणि म्हणाले, आज दूध का दूध, पानी का पानी होईल.

बस मात्र निघेना, कारण काका तिच्याभोवती फिरत होते. प्रदक्षिणा पुरी करून त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "मागचा डावा टायर अनसर्व्हिसेबल." ड्रायव्हर जे बोलला ते लिहिता येण्यासारखं नाही. पण टायर खरंच सोलवटलेला निघाला आणि आम्ही पाऊण तास उशिरा, तलावाच्या कडेकडेनं, बैरागढच्या पलीकडे पोचलो.

विमानतळावर जत्रा भरली होती. नवी टोकदार विमानं पुढे होती आणि तिथेच गर्दी होती. काका तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. ते सरळ मागच्या कोपऱ्यात गेले, जिथे दोन पंख्यांचं एक जुनं मालवाहू विमान उभं होतं. चंदेरी, शेपूट खाली टेकलेलं, नाक वर. हवाई दलानं दुरुस्त करून पुन्हा उडतं केलेलं. भोवती दोर बांधला होता. काका दोराशी थांबले.

तिवारीजींनी मात्र पहिल्याच नजरेत दोष काढला. इंजिनाखाली पत्र्याचा ट्रे ठेवला होता आणि त्यात काळं तेल ठिबकत होतं. "केलापुरे साहब, ये तो टपक रहा है."

"टपकना ही चाहिए," काका म्हणाले. "नहीं टपका, तो समझो टंकी खाली है."

दोराच्या आत तेलकट डांगरी घातलेला एक सार्जंट पाठमोरा उभा होता. तो वळला. "सर, आप किस ट्रेड में थे?"

"इंजिन फिटर."

"इसी पे?"

"नौ साल."

सार्जंटनं दोर वर उचलला. काका वाकून आत गेले. पुढची दहा मिनिटं ते दोघं काय बोलले ते ओळीतल्या एकाही इंजिनिअरला कळलं नाही. थंडीत डावं इंजिन खोकतं, असं काहीतरी सार्जंट सांगत होता. काकांनी न बघता इंजिनाच्या मागे हात घातला, जसा आपण अंधारात आपल्या घरातल्या बटणावर घालतो, आणि बोटानं काहीतरी दाखवलं. सार्जंट हसला आणि त्यानं आपल्या जोडीदाराला हाक मारली. माझ्या शेजारी तिवारीजी मान लांब करून सगळं बघत होते. मग माल पास करावा तशा आवाजात म्हणाले, "कैंटीन में नहीं थे."

"ऊपर चलिए सर, सीट पे बैठिए," सार्जंट म्हणाला.

"नाही, नाही. वो मेरी जगह नहीं है," काका एक पाऊल मागे सरले आणि त्यांनी काकूंकडे हात केला. "हिला न्या."

म्हणून नवरा पंधरा वर्षांत जिथे एकदाही बसला नाही, तिथे काकू बसल्या. शिडी चढताना पदर खोचला, आत गेल्या आणि पायलटच्या खिडकीतून आम्हाला हात हलवला. आमची ओळ टाळ्या वाजवत होती.

दुपारी कसरती सुरू झाल्या. पहिला मान जुन्या विमानाचा होता. सार्जंट आणि त्याच्या जोडीदारानं पंख्यांची पाती हातानं फिरवली, मग भसकन धूर निघाला, इंजिनं धडधडली, सार्जंटनं चाकांमागचे लाल पट्टीचे ठोकळे काढून वर धरून दाखवले, पायलटनं अंगठा वर केला आणि ते म्हातारं विमान कुरकुर न करता उडालं. भोंग्यावरून कुणीतरी त्याचं कौतुक सांगत होतं. आम्ही सगळे माना वर करून उभे. मी वळून काकांना काही सांगायला गेले, तर काका नव्हते.

"पुरी-भाजीचा डबाही नाही," काकू आपल्या पिशवीत बघत म्हणाल्या.

मैदानाच्या कडेला एक लोखंडी गाडा उभा होता. त्यावर सार्जंट आणि जोडीदार बसले होते आणि त्यांच्यासमोर एका उलट्या पेटीवर काका. मध्ये काकूंचा डबा उघडलेला होता. मी जवळ गेले. विमान तेव्हा अगदी डोक्यावरून चाललं होतं.

"काका, बघा तरी. वरून चाललंय."

"ऐकून राहिलो न," ते मान वर न करता म्हणाले. त्यांनी सार्जंटच्या हातावर आणखी एक पुरी ठेवली. "यांनी पहाटेपासून काही खाल्लं नाही, सूनबाई. विमान वर असलं की घास उतरत नाही. समोर कोणी बसलं तर उतरते."

काकू माझ्या मागोमाग आल्या होत्या. त्यांनी मला हाताला धरून थोडं बाजूला घेतलं. आमचं लग्न नवीन होतं, म्हणाल्या, आसामात होतो. यांनी सकाळी पाठवलेलं विमान संध्याकाळी आलं नाही. पाऊस फार होता, दुसरीकडे कुठे उतरलं होतं, पण निरोप पोचला नाही. हे धावपट्टीच्या कडेला बसून राहिले. दीड दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी विमान आलं, सगळे सुखरूप. वैमानिकांना लोकांनी खांद्यावर घेतलं. "यांना तापानं उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, जेवलात का? तर म्हणाले, कोणी विचारलं नाही. बाईमाणसाला तिकडे जाऊ देत नव्हते गं, नाहीतर मीच डबा घेऊन गेले असते."

तेवढ्यात विमान उतरायला लागलं. चाकं टेकली तसे सार्जंट आणि जोडीदार अर्धा घास तोंडात असतानाच उठले आणि तिकडे धावले. डब्यात त्यांच्या दोन पुऱ्या आणि थोडी बटाट्याची भाजी उरली होती. माशा घोंगावायला लागल्या होत्या. नवी विमानं आकाशात चढली, भोंगा ओरडायला लागला, मैदानातला एकूण एक माणूस वर पाहायला लागला. काका उन्हात उभे राहिले, डब्यावर तळहात आडवा धरून, त्या दोघांच्या परत येण्याची वाट बघत.