कडी बाहेरून होती

वाद न घालणे ही गोष्ट मला उत्तम जमते! वाचकहो, माझ्या निकटवर्तीयांना हे विधान धाडसाचे वाटेल. परंतु त्याचे कारण एवढेच, की ते सिद्ध करण्याची संधी मला आजवर मिळालेली नव्हती. ती त्या दिवशी मिळाली.

माझ्या पत्नीचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, आणि त्याच्याही आधीपासून माझा कॉलेजातला जिवलग मित्र, त्या संध्याकाळच्या विमानाने कायमचा मुलाकडे परदेशी निघाला होता. गेली दोन वर्षे आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो. भांडण जमिनीचे नव्हते, दागिन्यांचे नव्हते. ते आमच्या राष्ट्राच्या संस्थापकांवरून झाले होते! संस्थापकांनी लिहिलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील पहिले वाक्य हे माझे दैवत. पाठ्यपुस्तकांच्या संपादनात माझे आयुष्य गेले. परंतु पोटवाक्यांची एवढी उतरंड डोक्यावर घेऊन, थेंबही न सांडता पूर्णविरामापर्यंत चालत जाणारे दुसरे वाक्य मी पाहिलेले नाही. मेहुण्याचे म्हणणे असे, की हे वाक्य लिहिणारा गृहस्थ आपल्या नोकरांना रात्री कोंडून ठेवत असे. भर समारंभात त्याने मला 'स्वल्पविराम' म्हटले. मी त्याला 'नळवाला' म्हटले, कारण तो पाणीपुरवठा खात्यात अभियंता होता. तेव्हापासून अबोला.

जाण्यापूर्वी निरोप त्यानेच धाडला : "संस्थापकांचं घर एकदा बरोबर पाहू." पत्नी त्याचे सामान घेऊन परस्पर विमानतळावर जाणार होती, आणि तो घर पाहून तिथूनच निघणार होता.

"दादा परत येईल न येईल," तिने मला बजावले. "आज वाद नको. गोडीनं दोन शब्द बोला."

"दोन?" मी म्हणालो. "अख्खा परिच्छेद बोलेन!"

आणि खरोखर, दिवाणखान्यात मी आदर्श वागलो. अभ्यासिकेत तर त्याहून आदर्श! संस्थापकांच्या मेजापाशी मेहुणा बराच वेळ उभा राहिला.

"वाक्य सुंदरच आहे रे," तो हळूच म्हणाला. "म्हणून तर राग येतो."

घशाशी आलेली तीन उत्तरे मी औषधाच्या गोळ्यांसारखी गिळली. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षांनी! तिथेच बाहेर पडलो असतो तर ही कथा लिहिण्याची वेळ आली नसती. परंतु मार्गदर्शक बाई आम्हांला स्वयंपाकघरामागच्या एका बुटक्या दारापाशी घेऊन गेल्या.

"ही नोकरांची खोली," त्या म्हणाल्या. "संस्थापक नोकरांना अगदी घरच्यासारखं वागवत."

मेहुणा दाराकडे पाहत म्हणाला, "घरच्यांच्या खोलीला कडी बाहेरून असते का हो?"

"ही खोली धान्याची असणार!" मी म्हणालो. म्हणालो म्हणजे, माझ्या तोंडून ते निसटले.

"सर, फलकावर तर—"

"फलक चुकीचा आहे! उंची पाहा. यात माणूस राहणे अशक्य!"

"अरे स्वल्पविराम, जाऊ दे," मेहुणा म्हणाला. "बागेत बसू चल. मला जरा बोलायचंय तुझ्याशी."

"बसू की! आधी हे सिद्ध होऊ दे!" असे म्हणून मी दारापुढची दोरी ओलांडली, वाकून आत शिरलो, आणि माणूस आत मावत नाही हे दाखवण्यासाठी दार ओढून घेतले.

मी मावलो.

बाहेर खट्ट असा आवाज झाला. कडी आपल्या वजनाने पडली होती, आणि ती जी अडकली ती अडकलीच. मेहुण्याने खटपट केली, बाईंनी केली, मग पहारेकरी धावत आला.

"हात लावू नका!" तो ओरडला. "दार पुरातन आहे! जतन खात्याचा सुतार आल्याशिवाय कडीला धक्का लावायचा नाही."

"अहो, पण आत माणूस आहे!" मेहुणा म्हणाला.

"असेल. पण दाराची नोंद आहे, माणसाची नाही."

इतक्यात मागच्या अंगाला, गजांच्या खिडकीपाशी, प्रवाशांचा एक घोळका येऊन थडकला. त्या घरात म्हणे जुन्या काळचे प्रसंग नटांकडून करून दाखवत. मी गज धरून ओरडलो, "मी नोकर नाही! मी स्वतंत्र नागरिक आहे! मला बाहेर काढा!"

टाळ्यांचा कडकडाट झाला!

"काय जिवंत करतात हो आजोबा!" एक बाई डोळे पुसत म्हणाल्या.

"हा अभिनय नाही, बाईसाहेब! मी एका चुकीच्या विधानाचे खंडन करण्यासाठी आत आलो आहे!"

"संवाद जरा लांबतात," त्यांचे यजमान म्हणाले, आणि मंडळी पुढे गेली.

मी दाराकडे वळलो, आणि खिडकीच्या तिरप्या उजेडात मला ते दिसले. दाराच्या आतल्या अंगाला, छातीच्या उंचीवर, लाकूड झिजून गुळगुळीत झाले होते. कितीतरी तळहातांनी झिजवलेले. धान्य दार ढकलत नाही.

मेहुण्याचे बरोबर होते, आणि हे त्याला आज, आत्ता सांगायला हवे होते. परंतु दोन वर्षांच्या अबोल्याचा शेवट 'चुकलो' अशा उघड्याबोडक्या क्रियापदाने करायचा? छे! मी वाक्य रचू लागलो. रचले, मोडले, पुन्हा रचले.

"अरे, ऐकतोस का?" दाराबाहेरून मेहुण्याचा आवाज आला. "मी म्हणत होतो—"

"मध्ये बोलू नकोस!" मी गरजलो. "जमत आलंय!"

मी विशेषणे तपासली, एक 'तथापि' काढून टाकला, आणि कपाळ दाराला टेकवून म्हणालो :

"ज्या अर्थी या दाराची कडी बाहेरून आहे, आणि ज्या अर्थी ते आतून ढकलणारे हात माणसांचेच होते, त्या अर्थी तू बरोबर होतास, मी चूक होतो, आणि या दोन वर्षांत तुझ्यावाचून मला धड वाद घालायलाही कोणी मिळालं नाही, तेव्हा जाऊ नकोस, आणि जाणारच असशील तर माझ्यावर रागावून जाऊ नकोस."

पलीकडे शांतता. तो गहिवरला असणार, असे मला वाटले. मीही गहिवरलो होतो.

दार उघडले. समोर तोंडात दोन खिळे धरलेला सुतार उभा होता.

"माझे मेहुणे?"

त्याने खिळे काढले. "ते साहेब? त्यांची गाडी आली होती. दाराशी थांबले होते थोडा वेळ. मग मी आलो तेव्हा निघून गेले. आता जरा बाजूला व्हा काका, बिजागरी बघू द्या."

मी फोन लावला. विमानात बसणाऱ्या माणसाचा फोन जसा असायचा तसा तो होता : बंद.

पत्नी विमानतळावरून परतली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"दादा काहीच बोलला नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही तरी बोललात ना त्याच्याशी?"

"बोललो," मी म्हणालो. "अतिशय सुंदर बोललो. पण ऐकलं ते सुतारानं."