गोळीचा मधला थर आणि बुवांची साक्ष

आमच्या औषध कंपनीचा सगळ्यात मोठा खटला मी जिंकून दिला. मॅडमनी नाही, त्यांच्या काळ्या कोटानं नाही, मी! कंपनीत हा विषय निघाला की लोक लगेच खटल्याच्या पुढचं काहीतरी सांगायला लागतात. म्हणून म्हटलं, त्यांच्या आधी आपणच सगळं नीट सांगून टाकावं.

मी कंपनीच्या कायदा विभागात आहे. वकील नव्हे. वर्षाअखेरीस कंपनीचा अहवाल छापतात ना, त्याच्या मागच्या पानांवर मुंगीएवढ्या अक्षरांत आमच्यावर चालू असलेले खटले येतात. ती अक्षरं माझी. प्रत्येक खटल्यापुढे एक शेरा द्यायचा: हरण्याची शक्यता 'नगण्य', 'आहे' किंवा 'दाट'. या शेऱ्यांची इतकी सवय जडलीय की बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, दूध उतू जाईल का?" तरी माझ्या तोंडून निघतं, "शक्यता आहे."

"मग उठा की! शेरे कसले मारताय?"

त्या वर्षी एकाच खटल्यापुढे 'दाट' लागलं होतं. पण तो एकच असा होता की बाकीचे नसते तरी चाललं असतं.

भानगड आमच्या पोटाच्या गोळीची होती. ही गोळी भारी नाजूक. पोटातल्या आम्लात पडली की खलास! म्हणून तिच्यावर एक आवरण असतं, ते तिला आतड्यापर्यंत सुखरूप पोचवतं. पण गंमत अशी, की ते आवरण स्वतःच आंबट! रक्षण करता करता तेच औषधाला खातं. मग दोघांच्या मध्ये एक पातळ थर द्यावा लागतो. सासू-सुनेच्या मध्ये समजूतदार नणंद बसवावी तसा. (अशी नणंद फक्त औषधशास्त्रातच सापडते, असं बायकोचं मत आहे.)

तर एका दुसऱ्या कंपनीनं दावा ठोकला, की मधला थर आमचा! पेटंट आमचं! गोळी बंद करा!

गोळी बंद म्हणजे कोटिंग विभागाला कुलूप. आणि कोटिंग विभागात कोण? माझा मेहुणा! बायकोचा धाकटा भाऊ. शिक्षण संपल्यापासून तिथेच चिकटलेला, मोठ्या फिरत्या ढोलात गोळ्यांवर थर फवारण्यात सगळी हयात घालवलेला. 'घर मिळेपर्यंत' म्हणून आमच्याकडे राहायला आला, तो अजून घर शोधतोच आहे. माणूस सोन्यासारखा. पण जेवताना बोलतो फक्त थरांबद्दल! बायकोनं मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "हे बघा, त्याला दुसरं काही येत नाही. तो विभाग बंद पडला तर माझा भाऊ खचेल. काहीतरी करा!"

"मी काय करणार? मी शेरे लिहितो."

"मग शेरा बदला!"

मॅडमनी बैठक बोलावली. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख. त्यांच्या नुसत्या चष्मा काढण्यानं माणसं खरं बोलायला लागतात. त्यांनी मेहुण्याला विचारलं, "हा थर आपण त्यांच्या आधी केला होता?"

"कितीतरी आधी!" मेहुणा फुलून म्हणाला. "तेव्हा वरिष्ठ म्हणाले, काही गरज नाही, ठेवून द्या. म्हणून ठेवून दिला."

"बाहेर कुणाला बोललात?"

"छे! कंपनीबाहेर एक अक्षर नाही!"

मॅडमनी चष्मा काढला. "तिथेच घात झाला! गुपचूप केलेलं आपल्याला काही कामाचं नाही. त्यांनी पेटंटचा अर्ज करण्याआधी ही युक्ती चारचौघांत कुणी उघड सांगितलेली असेल, तरच त्यांचं पेटंट कोसळतं."

 आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात झांजा वाजल्या!

"मॅडम, मी ऐकलंय हे! कीर्तनात!"

आता सांगायला हवं, की मी दर रविवारी संध्याकाळी कीर्तनाला जातो. कपडे धुण्याच्या दुकानाच्या वरचं सभागृह आहे. खालून इस्त्रीची गरम वाफ येते, वर बुवांचा आवाज लागतो, आणि आठवडाभर लिहिलेली बारीक अक्षरं डोळ्यांसमोरून पुसली जातात. बुवांची खासियत म्हणजे दृष्टांत. कुठून कुठून आणतात! मी तर म्हणतो, प्रतिभा आहे ती. शिवाय माणूस इतका प्रेमळ, की सुरुवात करण्याआधी प्रत्येकाची विचारपूस करतात. मला म्हणतात, "काय गोळीवाले, तुमच्या जगात नवीन काय?" मग मीही आपलं आठवेल ते बोलतो.

मॅडम माझ्याकडे गोळीत केस सापडल्यासारखं बघत होत्या. पण बुडत्याला काडीचा आधार! सभागृहातल्या ध्वनिक्षेपकवाल्याकडे सगळी कीर्तनं साठवलेली निघाली. हवं ते सापडलं. बुवांनी सुरुवातीला तारीख, वार सगळं रीतसर उच्चारलेलं! दुसऱ्या कंपनीच्या अर्जाच्या बरंच आधीचं! आणि पुढे बुवा रंगून सांगतायत:

"जीव म्हणजे औषध, बाबांनो! संसार म्हणजे वरचं आंबट आवरण! संसार जिवाला राखतो आणि संसारच जिवाला खातो! मग मधे काय हवं? नामाचा पातळ थर! आणि तो थर कसा हवा? आंबट नको, खारट नको, पाण्यात विरघळणारा हवा! आधी फवारायचा, मग वाळवायचा, मगच वरचं आवरण!"

मेहुणा खुर्चीतून उठलाच. "अहो, ही तर अख्खी कृती आहे! हे ऐकून कुणीही थर बनवेल!"

"बुवांना हे सुचलं कसं?" मॅडमनी विचारलं.

"सुचतं त्यांना!" मी छाती फुगवून म्हणालो. "अथांग माणूस आहे!"

बुवांना साक्षीला बोलवायचं ठरलं. मॅडमनी त्यांना तयारीला बसवलं. "बुवा, विचारलं तेवढंच बोलायचं. 'हो' किंवा 'नाही'. बस!"

बुवा गंभीर झाले. "ताई, एवढ्यावर आटोपलं तर श्रोते उठून जातील."

"तिथे श्रोते नसतात. न्यायाधीश असतात."

"म्हणजे काय करतात?"

"बसून ऐकतात. मधून मान हलवतात."

"मग श्रोतेच की! एखादी डुलकीही काढत असतील."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बुवा, मी 'आक्षेप' म्हटलं की तुम्ही थांबायचं. कळलं?"

"कळलं. म्हणजे सम आली!"

साक्षीच्या दिवशी बुवा धुतलेला शुभ्र सदरा घालून आले. शपथ त्यांनी अशा खणखणीत आवाजात घेतली, की मागच्या बाकावरच्या दोघांनी हात जोडले. मॅडमनी विचारलं, "अमुक दिवशी तुम्ही हा दृष्टांत जाहीरपणे सांगितला होता?"

"हो," बुवा म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच ते न्यायाधीशांकडे वळले. "पण नुसतं 'हो' कोरडं वाटतं. थोडं सुरात सांगू?"

"साधं सांगा," न्यायाधीश म्हणाले.

बुवांनी साधंच सांगायला घेतलं. पण 'नामाचा पातळ थर' आल्यावर त्यांचा आवाज आपोआप वर चढला आणि तिथेच चांगला घोळला! साक्ष उतरवून घेणाऱ्या बाईंनी बोटं थांबवून विचारलं, "साहेब, हा आलाप लिहायचा का?"

"नको," न्यायाधीश म्हणाले. मग जरा विचार करून, "कंसात लिहा, की होता."

समोरच्या कंपनीचे वकील उठले. उंच, सडपातळ, इस्त्री थेट चेहऱ्यापर्यंत केलेली. "बुवा, हा शास्त्रीय तपशील तुम्हाला स्वतःला सुचला?"

मी मान ताठ केली. आता प्रतिभेचा गौरव होणार!

"छे हो! शपथ घेतलीय, खोटं कसं बोलू?" बुवांनी प्रेमानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हा आमच्या गोळीवाल्यांनी दिलेला. ते बसलेत बघा, मान ताठ करून!"

मी मान खाली घातली. मेहुण्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला आठवलं! एका रात्री तो जेवताना थरांबद्दल बोलत होता, आणि पुढच्या रविवारी मी...

"अस्सं!" वकील उसळले. "म्हणजे कंपनीनं आपल्याच माणसाकरवी पढवलेला साक्षीदार!"

"पढवतील कशाला?" बुवा शांतपणे म्हणाले. "तेव्हा तुमचा खटला जन्मलाही नव्हता. ते आपले सहज सांगतात. दर रविवारी सांगतात. गेल्या रविवारी तर काय सुंदर सांगितलं!"

वकिलांना वाटलं, मासा गळाला लागला. "काय सांगितलं?"

माझ्या पायाखालची फरशी सरकली. कारण गेल्या रविवारी मी जे सांगितलं होतं, ते मेहुण्यानं त्याच आठवड्यात, दोन घासांच्या मध्ये, डोळ्यांत पाणी आणून सांगितलेलं होतं. त्याचा आयुष्यातला सगळ्यात मोठा शोध! त्याच्या पेटंटचा अर्ज येत्या सोमवारी जाणार होता!

"आक्षेप!" मॅडम ओरडल्या.

बुवा आज्ञाधारकपणे थांबले. समेवर थांबावं तसे.

न्यायाधीश मात्र हनुवटी हातावर टेकवून बसले होते. "आक्षेप फेटाळला," ते म्हणाले. "बुवा, पुढे?"

मग काय! श्रोता स्वतः म्हणतोय, पुढे! बुवांनी डोळे मिटले. "आजवर आपण मधला थर वेगळा लावत आलो. अज्ञान हो, अज्ञान! त्याची गरजच नाही! औषधातच थोडा क्षार मिसळून ठेवा. बाहेरचं आंबट आवरण वरून पडलं, की दोघांच्या भेटीत मधला थर आपोआप उमटतो! तसं अंतःकरणात भक्ती असली, की नाम वरून लावावं लागत नाही! आतून येतं! आपोआप येतं!"

 मागच्या बाकावर कुणीतरी "वा!" म्हणालं. साक्ष उतरवणाऱ्या बाई भराभर लिहीत होत्या. समोरचे वकील त्यांच्याहून भराभर लिहीत होते.

मेहुण्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं. "भाऊजी," तो म्हणाला. एवढंच. पण त्या एका शब्दात सगळं कीर्तन होतं.

निकाल आमच्या बाजूनं लागला. मधला थर आधीच जगजाहीर होता, म्हणून त्यांचं पेटंट रद्द! गोळी चालू, कोटिंग विभाग चालू, मेहुण्याची नोकरी शाबूत! मी कंपनीचं गुपित फोडलं म्हणूनच कंपनी वाचली, हे कुणाला नाकारता येणार नाही.

मात्र आपोआप येणारा थरही आता जगजाहीर झाला होता. भर कोर्टात, शपथेवर, आलापासकट! त्याचं पेटंट कुणालाच मिळणार नव्हतं. समोरच्या कंपनीनं म्हणे लगेच ढोल फिरवायला सुरुवातही केली. समोरच्या वकिलांनी बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन दाबला. इतक्या आपुलकीनं माझा हात आमच्या कंपनीतही कुणी दाबलेला नाही.

घरी मेहुणा कितीतरी दिवस जेवताना फक्त "मीठ द्या" एवढंच बोलला. शेवटी बायकोनंच कोंडी फोडली. "अरे, त्यांच्यामुळे तुझी नोकरी वाचली ना?"

"वाचली, ताई."

"आणि त्यांच्यामुळेच तुझा शोध गेला ना?"

"गेला, ताई."

"मग झालं तर फिट्टंफाट! जेव आता. आणि नवं काही सुचलं तर आधी मला सांग. हे झोपल्यावर!"

तो हसला. हसला म्हणजे मिटलं. माणूस खरंच सोन्यासारखा!

त्या वर्षीच्या अहवालात मी खटल्यापुढचं 'दाट' खोडून 'निकाली' लिहिलं. मसुदा मॅडमकडून परत आला, तेव्हा खाली त्यांच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: 'विभागातील एक कर्मचारी. पुन्हा बोलण्याची शक्यता: दाट.' छापताना ती काढली, असं ऐकलंय. मी ती पानं अजून उघडून पाहिलेली नाहीत.

रविवारी मी नेहमीसारखा सभागृहात गेलो. खालून वाफ येत होती, झांजा वाजत होत्या. बुवा विचारपूस करत करत माझ्यापाशी आले आणि प्रेमानं वाकून म्हणाले, "काय गोळीवाले, तुमच्या जगात नवीन काय?"

मी तोंड उघडलं.

"आक्षेप!!"

सगळं सभागृह मागे वळलं. शेवटच्या रांगेत मॅडम उभ्या होत्या, काळ्या कोटात! कंपनीनं त्यांना आता दर रविवारी कीर्तनाला पाठवायचं ठरवलंय.

आणि खरं सांगतो, अगदी शपथेवर सांगतो, मी फक्त जांभई देत होतो!