चौसाळ्याची चासी निवड समिती

कोणतंही वाहन चालवण्याआधी ते निवडावं लागतं, आणि निवडणं हे चालवण्यापेक्षा केव्हाही अवघड. चालवणारा फार तर खड्ड्यात जातो. निवडणाऱ्याला चारचौघांत मत द्यावं लागतं. म्हणूनच जबाबदार माणसं जन्मभर निवडतच राहतात. आमच्या चौसाळ्यात अशी चार माणसं निघाली आणि त्यांतला एक मी, समितीचा सचिव आसाराम, हे विनयाने नमूद करतो.

प्रकरणाचं मूळ असं. समितीचे अध्यक्ष भागवत (हुद्दा कनिष्ठ लिपिकाचा, थाट वरिष्ठाचा) यांचे वडील धुळाजी. वय शहात्तर. उभा जन्म मेंढरांमागं गेला, आता गुडघे गेले. गावामागच्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी एक कडुलिंब लावला आणि दोन उन्हाळे खांद्यावरून घागरी नेऊन जगवला. तो गावातून दिसत नाही. मागं टेकडीला वणवा लागला आणि म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लागला. रोज सकाळी एकच सवाल, "भागवता, माझा लिंब हाय का गेला रं? लोकं हाय म्हणत्यात. पर माझ्या डोळ्यानं बघितल्याबिगर जिवाला चैन न्हाई."

भागवत मुळात हळवा. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने तडकाफडकी रॉक क्रॉलर घ्यायचं ठरवलं. रॉक क्रॉलर म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवरून सावकाश चढणारी, हातभर लांबीची गाडी. तिच्यावर कॅमेरा बसवायचा, गाडी टेकडी चढणार, धुळाजी आबा ओसरीवर बसून मोबाइलमध्ये लिंब बघणार. (स्वतः वर जाऊन फोटो काढावा, असा पर्याय पहिल्याच बैठकीत चर्चेला आला होता. त्यात चासी लागत नसल्याने तो फेटाळण्यात आला.)

चाकं, मोटर, बॅटरी, रिमोट महिनाभरात आले. राहिली चासी. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. बाकी सगळं तिलाच जडवायचं. ती आखूड असली तर गाडी मागं उलटते, लांब असली तर पोटावर अडकते, उंच असली तर कलंडते. एवढे धोके एकाच वस्तूत सापडल्यावर समिती नेमणं भागच होतं.

बैठका दर रविवारी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर व्हायच्या. तांत्रिक सल्लागार विजयसिंह. त्याने या विषयावरचे चारशे बारा व्हिडिओ पाहिले होते (पैकी समजणाऱ्या भाषेतले नऊ). चौथा सदस्य चाँद मिस्त्री. वाकलेल्या ट्रकांच्या चासी सरळ करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती, त्यामुळे त्याला मताचा अधिकार देण्यात आला नव्हता. अनुभवी माणूस घाई करतो.

चौदा महिन्यांचं कामकाज थोडक्यात देतो. बैठका एकसष्ट. चहा दोनशे चव्वेचाळीस (विजयसिंहचे बिनसाखरेचे). मागवलेल्या चासी सात, परत पाठवलेल्या सात. रुसून उठून गेलेले सदस्य तीन. त्यांत मीही होतो, पण माझं कारण योग्य होतं.

पारख करण्याची पद्धत आम्हाला शिकावी लागली नाही. बैलबाजारात वाडवडील करत आले तेच केलं. चासी पोत्यावर उभी करायची, पुढून छाती बघायची, पाठीवरून हात फिरवायचा, मग जरा मागं सरून तोंड वाकडं करायचं. ॲल्युमिनियमची पहिली चासी छातीत अरुंद म्हणून गेली. कार्बन फायबरची दुसरी अंगानं किडकिडीत होती; शेजारच्या टेबलावरचा अनोळखी ड्रायव्हरसुद्धा "ही काय वढणार!" म्हणाला, आणि त्याचं मत बहुमतात धरण्यात आलं. तिसरीच्या पाठीवर दोन भोकं समोरासमोर होती. त्या जागी केसांचा भोवरा असलेला बैल आमच्याकडं दावणीला बांधत नाहीत. विजयसिंहने तिला हातही लावला नाही. चौथी मात्र सगळ्यांच्या मनात भरली. उंच, रुंद, ऐटबाज. चाकं जोडून ठेवली तर टेबलावरच कलंडली. तरीही तिला परत पाठवताना भागवतचा जीव तुटला.

"काय बे," चाँद म्हणाला, "पोळ्याला मिरवायची हाय का डोंगरावर चढवायची? वजन खाली पायजे. रुबाब कावून बघता?"

पुढच्या रविवारी तो टेम्पोच्या जुन्या मडगार्डचा पत्रा कापून केलेली एक बसकी, काळीकुट्ट चासी घेऊन आला. तिला चाकं लावली. गाडी ढाब्याची पायरी चढली, मागचा दगडांचा ढीग चढली आणि पलीकडं उतरून उभी राहिली. समितीने तिला वाकून चारी बाजूंनी बघितलं. मग विजयसिंहने मुद्द्याचं विचारलं, "पर हिच्यावर व्हिडिओ कुठं हाय?" नव्हता. चासी एकमताने नामंजूर झाली. चाँद त्या दिवशी जो गेला तो परत आला नाही.

बासष्टावी बैठक स्थळपाहणीसाठी थेट टेकडीच्या पायथ्याशी घेतली. आम्ही चढाचे अंश मोजत होतो, तेवढ्यात वर उतारावर दोन माणसं दिसली. एक काठी टेकत, दुसरं त्याचा दंड धरून. दहा पावलं चालायची, दगडावर बसायची. भागवतने मोबाइलमध्ये मोठं करून बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. वर आबा होते, आणि सोबत त्याची आई मनकर्णाबाई.

"आबाऽ! पडाल की!" तो ओरडला. ऐकू गेलं नाही.

समितीने प्रसंगाचं गांभीर्य ओळखून ताबडतोब ठराव केला: ज्याअर्थी गुडघे गेलेला माणूस हा चढ चढतो आहे, त्याअर्थी चढाचा अंदाज चुकला असून, परत पाठवलेल्या सातही चासींचा फेरविचार व्हावा.

तीन तासांनी दोघं खाली आले. धुळाजींचे पाय लटपटत होते आणि तोंडावर हसू मावत नव्हतं. "हाय रं भागवता! एका अंगानं जळालाय, पर वरनं लई फुटलाय. गळ्यातच पडलो मी त्याच्या."

"चौदा म्हैनं झालं, वाट बघत बसलाव नुस्तं," मनकर्णाबाई म्हणाली. "मी म्हणलं, चला, बसत बसत जाऊ. गेलाव."

भागवतने आबांना घट्ट मिठी मारली. रडला. आणि डोळे पुसून म्हणाला, "आबा, वरच्या कातळाला फट किती रुंद हाय? चासीला लागंल."

हे वाचून तुम्ही हसला असाल. जरूर हसा. पण तुमच्याही घरात कुणीतरी साधंच काहीतरी मागितलंय, आणि द्यायचं तर उत्तमच द्यायचं म्हणून तुम्ही अजून शोधताय. शिवाय चौथीला रुंद चाकं लावली असती तर ती कलंडली नसती, हेही मघाशी तुमच्या मनात येऊन गेलंय. येत्या रविवारी बैठकीला या. घरी विचारलं, कुठं निघालात, तर सांगा, तुमच्याच कामाला.