भिवबा धनेशाची पोटगी

एका जंगलात, मुलांनो, झाडं भरपूर होती आणि नियम त्याहून जास्त होते.

तिथे भिवबा नावाचा एक धनेश पक्षी राहायचा. धनेशांच्यात ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घ्यायची रीत असते. नराने चिखल आणायचा, मादीने लिंपायचा. एकदा त्याची बायको तान्हूबाई म्हणाली, चिखल पातळ आहे. भिवबा म्हणाला, लिंपणारीला वळण नाही. एवढ्यावरून दोघांची झाडं वेगळी झाली. पिल्लू मुकिंदा आईकडे राहिला.

पंचायतीने निकाल दिला. मुलगा मोठा होईपर्यंत भिवबाने त्याला रोज सकाळी चोचभर उंबरं द्यायची. चुकला तर त्याची ढोली जप्त. पंचायतीची कारकून खारूताई समोर उभी राहून बघेल आणि झाडाच्या सालीवर नखाने खूण करेल.

भिवबा इमानी होता. उंबरं ढोलीच्या तोंडाशी ठेवायचा, खूण झाली की उडून जायचा. तान्हूबाईशी बोलणं नव्हतं. आणि पिल्लाशी काय बोलायचं, ते त्याला सुचायचं नाही.

मुकिंदा वाढला. चोचीवर शिंग आलं, आवाज फुटला. इकडे भिवबाचा उजवा पंख दुखायला लागला. तो मुलाला घेऊन पंचायतीत गेला आणि म्हणाला, पोर मोठं झालं, आता मला मोकळं करा.

"मोठं म्हणजे काय?" हत्ती सरपंचांनी विचारलं.

मग सगळे पंच विचारात पडले. हत्तीच्या मते सुळे दिसले की मूल मोठं. माकडीण म्हणाली, आईच्या पोटाला चिकटायचं सोडलं की मोठं. कासव म्हणालं, आमचे आईबाप अंडी वाळूत पुरून निघून जातात, त्यामुळे आमच्यात मूल जन्मतःच मोठं असतं. कोणालाच कोणाचं मन दुखवायचं नव्हतं. म्हणून त्यांनी एक अभ्यास समिती नेमली. समितीचा अहवाल येईपर्यंत उंबरं चालू.

भिवबा घरी निघाला तो उडत नाही, तर या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत. उंबराचं झाड तर नदीपलीकडे. मागून येणाऱ्या मुकिंदाने ते पाहिलं.

"आबा, उद्यापासून मी आणतो," तो म्हणाला.

तेव्हापासून मोठी मजा सुरू झाली. मुकिंदा सकाळी नदीपलीकडून उंबरं आणायचा आणि बापाच्या चोचीत द्यायचा. बाप ती खारूताईच्या देखत मुलाच्या चोचीत द्यायचा. खारूताई खूण करायची. हे नियमात बसतं का, असं तिला कोणीतरी विचारलं. ती म्हणाली, उंबर दिलं कुणी ते मी लिहिते, आणलं कुणी याला सालीवर जागाच नाही.

ती गेली की बापलेक उंबरं अर्धी अर्धी खायचे. खाता खाता बोलायचे. किडकं उंबर चोचीला हलकं लागतं, हे भिवबाने मुलाला शिकवलं. मुकिंदा आईचे टोमणे जसेच्या तसे सांगायचा. एकदा ती म्हणाली होती, "जातोच आहेस तर बापाला विचारून ये, चिखल घट्ट कधी होणार?" ते ऐकून भिवबा इतका हसला की त्याच्या पंखात कळ आली.

पावसाळा गेला, हिवाळा गेला. एका सकाळी खारूताई समितीचा अहवाल घेऊन आली. तिने तो मोठ्याने वाचला. मुलगा मोठा झाला आहे. पोटगी बंद. उद्यापासून कोणी कोणाकडे येण्याचं कारण उरलेलं नाही.

"सुटलात, आबा," मुकिंदा म्हणाला.

"सुटलो तर," भिवबा म्हणाला.

त्या दिवशीची उंबरं पिकलेली होती, पण दोघांनीही ती पुरती खाल्ली नाहीत.

"मग उद्या..." मुकिंदाने विचारलं.

"उद्या कशाला? नियम आहे."

कारण नसतानाही कोणाकडे जाता येतं, हे त्या नियमवाल्या जंगलात कोणाला ठाऊकच नव्हतं.

दुपारी भिवबा फांद्यांवरून उड्या मारत, धापा टाकत पंचायतीत पोहोचला.

"सरपंचसाहेब, माझी चूक झाली. पोर अजून लहान आहे. काल दोनदा खोकलं."

हत्तीने कान हलवले. "भिवबा, याच कामाचा एक अर्ज मघाशी आलाय. अर्जदार म्हणतो, मी अजून लहान आहे, मला अंधाराची भीती वाटते. उडत आला आणि उडत गेला."

भिवबा चोचीने दुखरा पंख साफ करू लागला.

"दोन्ही अर्ज समितीकडे जातील," हत्ती म्हणाला. "फार वेळ लागेल. तोवर उंबरं द्यावीच लागतील. तक्रार ऐकून घेणार नाही."

"नाही करणार," भिवबा म्हणाला.

तात्पर्य: पंचायतीच्या कामाला उशीर झाला म्हणून चिडू नये. काही बापलेकांची रोजची भेट त्या उशिरावरच चाललेली असते.