गळती क्रमांक चार

'ओलसर' या बँडमध्ये ड्रम वाजवते ती कामगार नगरच्या सबवेतली गळती, आणि सहा वर्षांत तिचा एक ठोका चुकलेला नाही. ती छतातून ठिबकते. खाली पत्र्याचा डबा, बादली आणि रंगाचा रिकामा ड्रम मांडला की झालं. एप्रिल-मेमध्ये ती रजेवर असते, म्हणून तेव्हा बँड कार्यक्रम घेत नाही. बाकीचे तिघे माणसं आहेत.

महापालिकेच्या यादीतली ही गळती क्रमांक चार कायमची बंद करायचं काम आलं एकनाथ भिंगारदिवे यांच्याकडे. एकनाथ महापालिकेत गवंडी, निवृत्तीला अठरा दिवस राहिलेले. त्या छताचं प्लास्टर बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच केलं होतं. वर्षभरात ते गळलं आणि त्यांच्या सेवापुस्तकात 'निकृष्ट काम' असा शेरा पडला. त्या शेऱ्याने माणसाला आतून खाल्लं होतं. सख्ख्या मेहुण्याने घर बांधायला दुसरा गवंडी बघितला, आता बोला!

"गळती बंद झाल्याचा दाखला आणा," कनिष्ठ अभियंता हुलावळे साहेब म्हणाले, "शेरा खोडतो. स्वच्छ पुस्तक घेऊन घरी जा."

संध्याकाळी एकनाथ थापी, घमेलं आणि सिमेंट घेऊन सबवेत उतरले. तालीम चालली होती. नीलाक्षी नावाची पोरगी 'चौथा मजला, लिफ्ट बंद' हे गाणं गात होती. त्यात नळ कोरडा होता, जिन्यातला दिवा गेला होता आणि शेजारी कोण राहतं ते कुणालाच माहीत नव्हतं. चाल एकनाथांना ओ की ठो कळली नाही. पण ते स्वतः चौथ्या मजल्यावर राहायचे, त्यामुळे शब्द पटले.

"काका, ड्रमरला काही करू नका," नीलाक्षी म्हणाली.

"पोरी, लेखी आदेश आहे."

"मग निदान गाणं तरी संपू द्या. मधेच उठवणं बरं दिसत नाही."

हे रास्त होतं. एकनाथ उलट्या घमेल्यावर बसले. ऐकता ऐकता त्यांच्या हाताने मांडीवर ठेका धरला. सात ठोके, मग जरा दम. पुन्हा सात, पुन्हा दम. त्यांनी वर छताकडे पाहिलं. अरे, हा तर आपलाच हात! प्लास्टर करताना ते सात थाप्या मारायचे आणि थांबून मिशीवरचा घाम पुसायचे. मुकादमाने किती शिव्या घातल्या, सवय काही गेली नाही. जिथे जिथे ते थांबले तिथे तिथे बारीक सांधा राहिला होता, आणि पाणी बरोबर तिथूनच येत होतं.

"हिला शिकवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

"कुणीच नाही. आम्ही आलो तेव्हापासून असंच वाजवते. या शहरात दुसऱ्या कुणी असं वाजवून दाखवावं!"

एकनाथांचा ऊर भरून आला. त्यांनी घमेलं उचललं आणि ते घरी गेले.

सकाळी त्यांनी अहवाल दिला: 'गळती क्रमांक चार कामावर असल्याने बंद करता येत नाही.' हुलावळे साहेबांनी तो दोनदा वाचला.

"कामावर नियमित असते?"

"सहा वर्षांत एक खाडा नाही, साहेब. उन्हाळी रजा सोडून."

"आणि काम कसं आहे?"

"हात माझा आहे," एकनाथ म्हणाले. असं ते बावीस वर्षांत कधी बोलले नव्हते.

साहेबांनी विचार केला. "कामावर असलेल्याला बंद करता येत नाही, हे बरोबर. पण मग शेरा खोडता येणार नाही, भिंगारदिवे. तो कायम राहील."

"राहू द्या. मला त्याची नक्कल मिळेल का? शिक्क्यासकट."

निवृत्तीच्या दिवशी संध्याकाळी सबवेत कार्यक्रम होता. एकनाथ कडक इस्त्रीच्या शर्टात पुढेच बसले होते. शेजारी मेहुणा होता. त्याला नक्कल दोनदा वाचायला लावली होती. नीलाक्षीने माइक घेतला आणि एकेकाची ओळख करून दिली.

"ड्रमवर, गळती क्रमांक चार," ती शेवटी म्हणाली. "प्लास्टर, एकनाथ भिंगारदिवे."

सगळा सबवे टाळ्यांनी दणाणला. एकनाथ उभे राहिले. काय करावं ते सुचेना, म्हणून सवयीने मिशीवरचा घाम पुसला. वर छतात गळतीचा एक ठोका चुकला. मग तिने पुन्हा एकपासून धरलं.